बालगोपाळांची संथा : पाच-सहा मुलांचा पाठ कसा आखावा

आषाढीची वारी आटोपून दिंड्या आपापल्या गावी परतल्या, की चातुर्मासात भजनी मंडळांना एक हुरूप येतो. मुलांचा हरिपाठवर्ग काढायचा. देवळाच्या कर्ण्यावरून पुकारा होतो आणि पहिल्या दिवशी पन्नास मुले जमतात. सभामंडप गजबजतो, पारावरची म्हातारी मंडळी कौतुकाने माना डोलावतात. गोकुळाष्टमीला त्यांतली वीस-पंचवीस दिसतात. आणि पितृपक्ष लागतो तेव्हा वर्ग घेणारे बुवा व दहा-बारा थोराड मुले एवढाच संसार शिल्लक राहतो. मग आपण म्हणून मोकळे होतो, "हल्लीच्या पोरांना गोडीच नाही हो."

कीर्तनाच्या निमित्ताने आम्ही चाळीस वर्षे गावोगाव हिंडतो आहोत. गोडी नाही हे म्हणणे आम्हांस मान्य नाही. गळाली ती मुले कोणती, हे कुणी बघतच नाही. बघितले तर दिसेल की ती बहुतेक चार ते सात वर्षांची असतात. बारा वर्षांचा मुलगा टाळाच्या ओढीने टिकतो. मृदंगाला हात लावायला मिळेल या आशेनेही टिकतो. लहानग्याला मात्र मागच्या रांगेत बसवलेले असते. पुढे काय चालले आहे ते त्याला दिसत नाही, त्याने काय म्हटले ते कुणी ऐकत नाही, आणि हलला की "ए, गप बस" एवढेच त्याच्या वाट्याला येते. आठ दिवसांनी ते यायचे थांबते. त्यात त्याचा काय दोष?

अशी लहान मुले घेऊन बसणाऱ्या माउलींसाठी, मग त्या महिला मंडळातल्या असोत, टाळकरी असोत वा नववी-दहावीतल्या ताई असोत, हा लेख आहे. मोठ्या मुलांचा अभ्यासक्रम हा वेगळा विषय आहे. जोगमहाराजांनी १९१७ साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. तेथील अध्ययनाची एक शिस्त आहे आणि आम्हांस तिच्याबद्दल नितांत आदर आहे. पण तो साचा पाच वर्षांच्या पोराला लावू नये. विद्यार्थ्याची झूल वासराच्या अंगावर टाकली, तर वासरू दिसेनासेच होते.

कीर्तन हजारांत होते. संथा चौघांत होते. हा भेद आपल्या परंपरेला चांगला ठाऊक होता. आम्ही पाठशाळेत होतो तेव्हा गुरुजींपुढे एका वेळी पाच-सहाच जण बसत. गुरुजी एकदा म्हणत, आम्ही दोनदा म्हणत असू. आणि कुणाची मात्रा घसरली, कुणी विसर्ग गिळला, हे त्यांच्या कानाला तत्काळ कळे. पंचतंत्राची कथा सर्वांस माहीत आहे. अमरशक्ती राजाची तीन मुले अभ्यासात अगदी ढ. विष्णुशर्म्याने त्यांना सहा महिन्यांत शहाणे करण्याचा विडा उचलला आणि गोष्टी सांगून ते केले. त्या ग्रंथाची थोरवी सगळे सांगतात. पण शिष्य तीनच होते, हे कुणी ध्यानात घेत नाही.

साधा हिशेब करा. ४० मुले आणि २० मिनिटे. प्रत्येकाने एकेकट्याने तोंड उघडायचे म्हटले तर वाट्याला अर्धे मिनिट येते, आणि तेही मधे कुणी भांडले नाही तर. तीच मुले सहा असली तर प्रत्येकाला तीन मिनिटांहून अधिक मिळतात. घोळक्यात मूल नुसते ओठ हलवते. सगळ्यांचा आवाज मिळून अभंग पुरा झाला, की आपल्याला वाटते सर्वांना आला. वस्तुतः चौघे म्हणत असतात आणि बाकीचे त्यांच्या आवाजाच्या आडोशाला बसलेले असतात.

"पण बुवा, आमच्याकडे मुले चाळीस आणि शिकवणारी मी एकटी!" ही अडचण खरी आहे. तिच्यावर दोन तोडगे आम्ही गावोगाव चाललेले पाहिले. पहिला असा की, मोठी मुले मृदंगाच्या बोलांना किंवा पावलीच्या सरावाला एखाद्या टाळकऱ्याकडे द्यावीत आणि त्या अवधीत लहान सहा जणांना सभामंडपाच्या कोपऱ्यात घेऊन बसावे. दुसरा असा की, लहानांचे वार पाडावेत. सोमवारी व गुरुवारी एक टोळके, मंगळवारी व शुक्रवारी दुसरे. रोज तासभर गर्दीत बसण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा वीस-पंचवीस मिनिटे नीट मिळालेली बरी. टोळकी पाडताना हुशार एकीकडे आणि बाकीचे दुसरीकडे, असे कदापि करू नये. पाच-सहांत एखादे थोडे मोठे, समजूतदार मूल असावे. बुजरे मूल असेल तर त्याच्या मैत्रिणीला त्याच्या शेजारी बसू द्यावे. आणि सर्वांना गोल बसवावे, कारण गोलाला पहिली रांग नसते. एका गावी आम्ही पाहिले, गावातल्या बड्या घराचा नातू रोज बुवांच्या पुढ्यात आणि मजुरांची मुले दाराशी. ज्या संप्रदायात लहानथोर एकमेकांच्या पायांवर डोके ठेवतात, त्याच्या वर्गात ही उतरंड यावी, याचे आम्हांस फार वाईट वाटले.

आता प्रत्यक्ष पाठाकडे वळू. आदल्या संध्याकाळी एका कागदाच्या चिठोऱ्यावर एकच गोष्ट लिहावी : उद्या उठताना प्रत्येक मुलाला काय आलेले असावे. 'हरिपाठ' असे लिहून चालत नाही. ज्ञानदेवांच्या हरिपाठाचे २७ अभंग आहेत आणि बहुतेक वर्गांना ते दसऱ्यापर्यंत संपवण्याची घाई असते. कशाला? पाच वर्षांच्या मुलाला एका पाठात एक चरण पुष्कळ झाले. म्हणून चिठोऱ्यावर लिहायचे, 'पहिल्या अभंगाचा पहिला चरण, प्रत्येकाने एकट्याने, टाळीवर.' झाले. त्याखाली सहा मुलांची नावे, आणि नावांपुढे मोकळी जागा. मुले गेली की त्या जागेत दोन शब्द टिपावेत. 'म्हटले', 'लाजला', 'ताल सुटतो', 'आज रडत आली'. पुढच्या पाठाची आखणी या टिपणांतूनच निघते. आपण ठरवलेले एकीकडे आणि मूल पोचलेले दुसरीकडे असले, तर मुलाच्या बाजूने कागद बदलावा.

वीस मिनिटे कशी जावीत? आरंभी मुलांनी चपला जोडीने लावाव्यात. ही नुसती शिस्त नव्हे. "किती जोड्या झाल्या?" म्हणून मोजून घेतले की गणितही होते आणि धावत आलेल्या पोरांचा दमही बसतो. मग उभ्यानेच रामकृष्णहरीचा गजर, टाळीवर. लहान मुलांच्या हाती पितळी टाळ एकदम देऊ नयेत. ते जड असतात, बोटे चिमटतात, आणि एकदा चिमटले की मूल टाळाला भिते. घासून गुळगुळीत केलेल्या नारळाच्या करवंट्या द्याव्यात. त्यांचा आवाज गोड येतो आणि त्या फुटल्या तरी कुणाचे काही जात नाही. गजर झाला की चार पावल्या. लहान मूल बसून शिकत नाही, ते अंगाने शिकते. आपल्या संप्रदायाला तर हे शिकवायलाच नको. आपला अवघा धर्मच चालण्याचा आहे.

पावल्यांनी अंग मोकळे झाले, की गोष्ट. गोष्ट पाच मिनिटांची असावी आणि तिच्यात शक्यतो मूल असावे. नामदेवांच्या नैवेद्याची कथा यासाठी फार उत्तम. दामाशेटी परगावी गेलेले, आई नैवेद्याचे ताट बाळाच्या हाती देते, बाळ देवळात जाते, आणि देव जेवत नाही म्हणून हट्ट धरते. येथे आपण कीर्तनकार मंडळी एक घोटाळा करतो. गोष्ट सांगून झाली की लगेच तात्पर्य सांगतो, "म्हणून बाळांनो, भक्ती अशी असावी." मुलांच्या डोळ्यांतले तेज त्या क्षणी विझते. त्यापेक्षा ताट देवापुढे ठेवल्यावर गोष्ट तिथेच थांबवावी आणि विचारावे, "देव जेवत नाहीये. तू तिथे असतास तर काय केलं असतंस?" मग गप्प राहावे. ही गप्प राहण्याची कला आम्हां बोलक्या लोकांना कठीण जाते. पण दहापर्यंत मनात आकडे मोजावेत. उत्तर येते. एका वर्गात आम्ही बाजूला बसून ऐकत होतो. एक चिमुरडी म्हणाली, "वरण गरम असंल. मी फुंकर घालीन." दुसरा म्हणाला, "मी आधी एक घास खाऊन दाखवीन, म्हणजे त्याला भ्या वाटणार नाही." तिसरा म्हणाला, "त्याला कमरेवरचे हात काढायला सांगीन. हात तिथं ठेवल्यावर जेवणार कसा?" आम्ही इतकी वर्षे या कथेवर निरूपण करतो, पण हे आम्हांला सुचले नव्हते. मुलांना असे बोलायला जागा मिळावी, यासाठीच तर सहा जण हवेत. चाळिसांत ती फुंकर कुणाला ऐकू आली असती?

गोष्टीनंतर तिचा खेळ करावा. एकाने ताट आणावे, एकाने विटेवर उभे राहावे. सामान काही लागत नाही, पाटीचे ताट होते. देव व्हायला सगळ्यांनाच हवे असते, म्हणून देवाची पाळी लावून द्यावी.

मग त्या दिवसाचा चरण. इथे संथेची जुनी रीतच घ्यावी : आपण एकदा, मुलांनी दोनदा. प्रथम सगळ्यांनी, मग दोघादोघांनी, मग एकेकट्याने. जो एकट्याने म्हणायला तयार नाही त्याला ओढू नये. "बरं, उद्या म्हण," म्हणून पुढे जावे, मात्र चिठोऱ्यावर टिपून ठेवावे. हल्ली पाठांतराला नावे ठेवण्याची चाल पडली आहे. आम्ही बालपणी अमरकोश अर्थ न कळता पाठ केला. अर्थ पुढे वीस वर्षे उलगडत राहिला, आणि त्या पाठांतरावर आमचा आजवरचा संसार चालला आहे. तेव्हा पाठांतर निंद्य नव्हे. पण आम्ही ते आठव्या वर्षी आरंभले, चौथ्या नव्हे. आणि चार-पाच वर्षांच्या मुलालाही चरणातला एक तरी शब्द स्वतःचा झाला पाहिजे. 'द्वार' शब्द आला तर देवळाच्या दारात नेऊन उभे करावे. 'क्षण' आला तर डोळे मिटून उघडायला लावावे.

उच्चारांविषयी थोडे अधिक लिहितो, कारण तो आमच्या आवडीचा प्रांत आहे. या वयात 'र' नीट वळत नाही, 'ळ'चा 'ल' होतो, 'क्ष' आणि 'ज्ञ' जिभेला जड जातात. हे वयाचे लक्षण आहे, आळसाचे नव्हे. बरीच मुले सात-आठ वर्षांपर्यंत आपोआप सुधारतात. म्हणून "चुकलं, परत म्हण" असे दहादा करू नये. आपण शुद्ध उच्चार करावा आणि पुढे जावे. कान तयार झाला की जीभ मागून येते. अल्पप्राण-महाप्राणाचा भेद मात्र खेळातून सुरेख शिकवता येतो. तळहात तोंडापुढे धरून 'क' म्हणावे, मग 'ख' म्हणावे. 'ख'ला हातावर वारा लागतो. पातळ कागदाची पट्टी धरली तर ती हलताना दिसते. 'त' आणि 'थ', 'ट' आणि 'ठ' असेच करावेत. मग "विठ्ठलाच्या नावात वारा कुठे लागतो, शोधा बरं" म्हणून सोडून द्यावे. मुले घरी जाऊन आजीच्या तोंडापुढे कागद धरतात! पाणिनीय परंपरेत स्थान-प्रयत्नांचा जो विचार आहे, त्याचा श्रीगणेशा असा कागदाच्या पट्टीवर होतो.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. घरी 'पानी', 'लोनी' बोलणारे मूल वर्गातही तसेच बोलेल. त्याला हसू नये आणि इतरांना हसू देऊ नये. ती त्याच्या आईची भाषा आहे. अभंग म्हणताना 'ण' आला म्हणजे पुरे.

लहान टोळक्याचा सर्वांत मोठा लाभ शिकवण्याहून निराळाच आहे. एका गावच्या वर्गात एक सहा वर्षांचा मुलगा होता. मोठ्या घोळक्यात होता तोवर सगळे त्याला मंद म्हणत. हाक मारली तर वळत नसे, सांगितले एक तर करी भलतेच. पुढे मुलांची टोळकी पाडली, तेव्हा शिकवणाऱ्या बाईंच्या ध्यानात आले की हा पोरगा डोळ्यांकडे बघत नाही, ओठांकडे बघतो. त्यांनी एकदा त्याच्या मागे उभे राहून हळू आवाजात त्याचे नाव घेतले. बाकीच्या पाचांनी वळून पाहिले, तो वळला नाही. बाईंनी आईला गाठले. मुलाचा कान वर्षभर वाहत होता आणि घरी तेल घालणे चालले होते. डॉक्टरांकडे नेल्यावर उपचार झाले, ऐकणे पुष्कळ सुधारले, आणि दिवाळीनंतर तोच मुलगा टाळ धरून उभा राहू लागला. शाळेत आणि वर्गात मिळून त्याला बघणारी माणसे थोडी का होती? पण घोळक्यात तो कुणालाच दिसला नाही. म्हणून प्रत्येक नव्या मुलाला पहिल्या आठवड्यात एकदा मागून हाक मारून बघावी. संशय आला तर चारचौघांत बोलू नये, आईला बाजूला घेऊन सांगावे आणि दवाखान्यात धाडावे. कानात तेल घालू नये, हेही सांगावे.

गप्प राहणारे प्रत्येक मूल बहिरे असते असे मात्र नाही. दुसऱ्या एका ठिकाणी एक मुलगी सव्वा महिना तोंडातून चकार शब्द काढीत नव्हती. शिकवणाऱ्या ताईने तिला म्हणण्याचा आग्रह केलाच नाही. करवंट्या वाटायचे काम तेवढे दिले. एके दिवशी तिची आजी देवळात येऊन म्हणाली, "अवो, ही घरी बकरीला म्होरं बसवून अख्खा अभंग म्हणती की!" ऐकणारे जनावर असले तरी चालते, फक्त हसणारे नको.

काही मंडळी आम्हांस म्हणतात, खेळ, गोष्टी, करवंट्या हे सारे इंग्रजी शाळांचे वळण, वारकऱ्याला कशाला? त्यांनी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे काम आठवावे. गिजुभाई बधेका व ताराबाई यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापला. पुढे १९४५पासून बोर्डीला आणि १९५७पासून कोसबाडच्या टेकडीवर, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यात, ताराबाई व अनुताईंनी वारली मुलांसाठी बालवाड्या चालवल्या. मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. साधने घेतली ती शंखशिंपले, बिया, पाने, खडे, म्हणजे जे भोवती होते ते. 'अंगणवाडी' हा शब्द त्यातला आहे. १९७५पासून सरकारी योजनेतून गावोगाव अंगणवाड्या झाल्या. त्या चालवणाऱ्या ताईंना तुमच्या गावातल्या लहान मुलांची नावे, वये, दुखणीखुपणी सगळी पाठ असतात. टोळकी पाडताना त्यांचा सल्ला अवश्य घ्यावा. देव विटेवर उभा राहून येणाऱ्याची वाट पाहतो हे खरे, पण शिकवणाऱ्याने चार पावले पुढे जायला हरकत नाही.

मोबाइलवर हरिपाठ लावून द्यायचा आणि आपण बाहेर चहाला जायचे, हा प्रकार आम्ही दोन-तीन ठिकाणी पाहिला. यंत्राला गाता येते, ऐकता येत नाही. याहून अधिक त्यावर लिहिण्याजोगे काही नाही.

सप्ताहात सहा वर्षांखालच्या मुलांच्या पाठांतर-स्पर्धा ठेवतात, त्याही आम्हांस पसंत नाहीत. एकाला ढाल मिळते, पाच रडत घरी जातात, आणि आई ती चिडचिड पाठीवर काढते. मुलांना काल्याच्या कीर्तनात पावलीला उभे करावे. तेथे नंबर नसतो.

प्रसादाचेही सांगतो. शाळेतून आलेले मूल भुकेले असते, म्हणून पाठाच्या आधी केळ्याचा तुकडा किंवा राजगिऱ्याचा लाडू द्यावा. शेवटी दिला तर सगळे लक्ष डब्याकडे राहते. पाच वर्षांखालील मुलांना अख्खे फुटाणे-शेंगदाणे देऊ नयेत, श्वासनलिकेत अडकतात. वर्ग नेहमी उघड्या सभामंडपात, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल असा घ्यावा. आणखी एखादी आई किंवा आजी सोबत बसलेली असावी. दिवेलागणीपूर्वी मुले घरी पोचली पाहिजेत.

एक गोष्ट राहिली. पुष्कळ गावांतली काही कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येतात. त्यांची मुले वर्गातून मधेच जातात आणि परत येतात तेव्हा बाकीचे पुढे गेलेले असतात. मग ती दाराशी उभी राहून बघतात आणि निघून जातात. आमच्या मते लहानांचा प्रत्येक पाठ असा आखावा की तो त्या दिवशी सुरू होऊन त्याच दिवशी पुरा होईल. कालचे आले नसले तरी आजचे करता यावे. आणि बिऱ्हाड निघायच्या आधी मुलाच्या चिठोऱ्यांवरून एक स्वच्छ कागद करून आईच्या हाती द्यावा : किती चरण येतात, कोणता खेळ आवडतो, कोणाशेजारी बसले की बोलते. ज्या गावच्या फडात उतरतील तेथेही देऊळ असते, संध्याकाळी टाळ वाजतात. तिथल्या वर्गाने तो कागद मागून घ्यावा, मुलाला गोलात जागा करून द्यावी आणि त्याला येणाऱ्या चरणापासून पाठ सुरू करावा.